मोकळ्या सोडलेल्या कोंबड्यांचे उद्योग, आणि आमची तांबडी अंडी कुठे घालते?

कुळागरातून (सत्तरी), ६ एप्रिल, रात्री ९.१५

आमचे घर गोव्यात, वाळपईपासून थोडे आत, पोफळी आणि माडांच्या कुळागराला लागून आहे. सासूबाई या घरात आल्यापासून कोंबड्या पाळत आल्या आहेत आणि त्यांनी त्या दिवसा कधीही कोंडून ठेवल्या नाहीत. सकाळी खुराड्याची फळी सरकवली की सगळ्या बाहेर पडतात, दिवसभर कुळागरात, काजूच्या उतारावर आणि गोठ्याभोवती उकरत फिरतात आणि दिवेलागणीला आपणहून परत येतात. सध्या अकरा कोंबड्या, सहा तलंगी (तरुण कोंबड्या) आणि एक मोठा कोंबडा आहे. कोंबड्याला मुले फौजदार म्हणतात, कारण दोन कोंबड्यांत भांडण जुंपले की तो जिथे असेल तिथून धावत येतो आणि दोघींच्या मधोमध उभा राहतो.

प्रश्न तांबडीचा आहे. गेले तीन आठवडे तिचे एकही अंडे खुराड्यात मिळालेले नाही, पण ती घालते आहे हे नक्की, कारण तुरा लालभडक आहे आणि अंडे घातल्यानंतरचे तिचे ओरडणे आम्हाला ऐकू येते. सकाळी दहाच्या सुमारास ती कळपातून निघते. मी मागून निघाले की ती थांबते आणि पायाखालची सुकी पाने उकरू लागते. मी थांबले की ती पिसे साफ करीत उभी राहते. माझी नजर क्षणभर वळली की ती नाहीशी झालेली असते, आणि अर्ध्या तासाने गोठ्याच्या मागून मोठ्याने ओरडत येते. गोठ्यामागची सगळी जागा आम्ही तीन वेळा धुंडाळली आहे. माझ्या मुलीने एकदा उलट्या घातलेल्या मोठ्या पाटीमागे लपून पाळत ठेवली, तेव्हा तांबडी सरळ त्या पाटीपाशी आली, पाटीवर चढली आणि मुलगी कंटाळून उठेपर्यंत तिथेच उभी राहिली.

तिची जागा कशी शोधावी? त्याचबरोबर मोकळ्या कोंबड्यांचे आपापले अनुभवही सांगावेत. रोज अंगणात वावरणाऱ्या या पक्ष्याकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही, असे मला मनापासून वाटते.

पणजीत_फ्लॅट, ६ एप्रिल, रात्री ९.३२

पाटीवर उभ्या असलेल्या तांबडीचे छायाचित्र असल्यास कृपया टाकावे.

मळ्यातला (पेडणे), ६ एप्रिल, रात्री १०.०५

ताई, ती जिथे ओरडते तिथे शोधू नका. कोंबडी अंड्यावरून गुपचूप उठते, बरीच दूर चालत जाते आणि मग ओरडते. आमच्याकडे ओरडणे ऐकू आले की कोंबडाही लगेच उत्तर देतो आणि ती त्या आवाजाच्या रोखाने कळपात येऊन मिसळते. गोठ्यामागची जागा म्हणजे तिचा परतीचा टप्पा आहे, घरटे नव्हे.

आमच्या एका काळ्या कोंबडीने मात्र काहीच लपवले नव्हते. तिने पॉवर टिलरच्या आसनावर टाकलेले गोणपाट पसंत केले होते. नांगरणीच्या दिवसांत बाबा सकाळी टिलर काढायला जात, तेव्हा ती आधीच तिथे बसलेली असे. हात पुढे केला की ती पिसे फुलवून गुरगुरल्यासारखा आवाज काढी. बाबांनी तिला एकदाही उठवले नाही. ते घरात परत येत, चहा मागत आणि अंडे पडल्याची आरोळी ऐकू आली की शेतावर जात. त्या वर्षी आमची नांगरणी तिच्या वेळापत्रकाप्रमाणे झाली.

शाळामास्तर (फोंडा), ७ एप्रिल, सकाळी ६.४०

तांबडी 'दहाच्या सुमारास' निघते असे आपण लिहिले आहे, पण वेळ रोज टिपून ठेवल्यास वेगळे चित्र दिसेल असे मला वाटते. कोंबडीच्या पोटात एक अंडे पूर्ण होण्यास साधारण २४ ते २६ तास लागतात आणि त्यांपैकी सुमारे २० तास एकट्या कवचासाठी जातात. त्यामुळे अंड्याची वेळ रोज थोडी पुढे सरकते, आणि सरकत सरकत दुपार उलटू लागली की ती एक दिवसाचा खाडा करून पुन्हा सकाळपासून सुरुवात करते. गावठी कोंबडीत हे खाडे अधिक असतात. हा क्रम एकदा हाती आला की तिची निघण्याची वेळ आपल्याला आदल्या दिवशीच कळेल, आणि मग मागे न जाता पुढे जाऊन थांबता येईल.

फौजदाराविषयी वाचून आनंद झाला. भांडणे मोडणे हे मुख्य कोंबड्याचे खरोखरीचेच काम आहे. कोंबड्यांच्या कळपात कोणी कोणाला टोचावे याचा ठरलेला क्रम असतो. नॉर्वेच्या थोरलिफ श्चेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून घरच्या कोंबड्या पाहून तो टिपला आणि १९२१ मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. आज माणसांच्या कचेऱ्यांतील मानपानाविषयी बोलतानाही हीच कल्पना वापरली जाते, आणि ती आली आहे एका मुलाने अंगणात बसून केलेल्या निरीक्षणातून.

कुळागरातून, ७ एप्रिल, दुपारी १.२०

मास्तर, आपले म्हणणे वाचून मी सासूबाईंची दिनदर्शिका काढली. त्या दुधाच्या हिशेबाशेजारी अंड्यांचीही खूण करतात आणि तांबडी ओरडली की तिच्या नावाने एक ठिपका देतात. चार ठिपके, मग एक रिकामा दिवस, पुन्हा तीन ठिपके, पुन्हा रिकामा दिवस, असाच क्रम दिसतो. सासूबाई म्हणाल्या, "ती एक दिवस विसावा घेते, हे मला केव्हापासून माहीत आहे."

दिवाडीकर, ७ एप्रिल, रात्री ८.५०

आमच्या बेटावर पोदेर, म्हणजे पाववाला, सकाळी सायकलवरून येतो. त्याचा भोंपू वळणापलीकडे वाजला की शेजारच्या आवारातल्या सगळ्या कोंबड्या पंख पसरून, मान पुढे काढून धावत सुटतात. कारण सोपे आहे. शेजारच्या आजी उंडे आणि पोयी हे पाव घेताना आदल्या दिवशीचा शिळा तुकडा कुस्करून टाकतात. कोंबड्यांच्या लेखी मात्र हे सगळे भोंपूमुळे घडते.

गेल्या वर्षी गल्लीत एक मासेवाला नवीन भोंपू लावून येऊ लागला. पहिल्या दिवशी कोंबड्या त्याच्याकडेही धावल्या, टोपलीभोवती फिरल्या आणि परत गेल्या. दुसऱ्या दिवशी निम्म्याच धावल्या. तिसऱ्या दिवशी एकही नाही. माझ्या कानांना दोन्ही भोंपू अगदी सारखे वाटतात, त्यांनी मात्र तीन दिवसांत फरक ओळखला.

परसबागप्रेमी (बार्देश), ७ एप्रिल, रात्री ९.३०

सर्वांचे कौतुक वाचले. माझा अनुभव निराळा आहे आणि तो स्पष्टपणे मांडतो. शेजाऱ्यांच्या मोकळ्या कोंबड्यांनी या हिवाळ्यात माझे तांबड्या भाजीचे तीन वाफे आणि मुळ्याचा एक वाफा उकरून टाकला. बी पेरून पाणी शिंपडले की ती ओली, भुसभुशीत माती म्हणजे त्यांच्यासाठी मांडलेले ताट असते. एक कोंबडी पाच मिनिटांत हातभर वाफा सपाट करते. दिवसभर मोकळे सोडणे हे पाळणाऱ्याच्या सोयीचे आहे, पण त्याची किंमत शेजारी मोजतो, आणि ही गोष्ट अशा कौतुकाच्या चर्चांत कोणी बोलत नाही.

शेवटी मी मासेमारीची जुनी जाळी आणून वाफ्यांभोवती बांधली. कोंबड्यांनी दोन दिवस जाळीच्या कडेने फेऱ्या घातल्या आणि जिथे गाठ सैल होती नेमके तिथूनच त्या आत शिरल्या. एवढी चिकाटी मी माणसांत क्वचितच पाहिली आहे, हेही प्रामाणिकपणे नोंदवतो.

मळ्यातला, ७ एप्रिल, रात्री १०.१०

परसबागप्रेमी, तुमची तक्रार रास्त आहे. आम्ही भाजीच्या हंगामात कोंबड्या दुपारी चारनंतरच सोडतो. संध्याकाळी दोन-अडीच तासच मिळाले की त्या घराभोवतीच चरतात आणि अंधार पडायच्या आत परत येतात. रोपे वीतभर उंच झाली की मग पूर्ण दिवस सोडल्या तरी फारसे बिघडत नाही. उलट वाफ्यातले किडे, अळ्या त्या वेचून काढतात. अर्थात शेजाऱ्याने हे ऐकायला हवे, आणि न ऐकल्यास ती चूक कोंबडीची नव्हे.

निवृत्त_पशुवैद्य (तिसवाडी), ८ एप्रिल, सकाळी ७.३०

मोकळ्या कोंबड्यांच्या बाजूनेच बोलायचे आहे, पण दोन गोष्टी आधी सांगतो.

पहिली गोष्ट लसीची. मोकळे फिरणे निरोगी असते हे खरे, पण मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा रोग कळपात शिरला की आठवडाभरात खुराडे रिकामे होते. लहान पिलांना डोळ्यांत किंवा नाकात थेंब आणि मोठ्यांना पुढची लस, एवढे तरी वेळेवर करावे. देवीची लसही घ्यावी. आपल्या जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी केल्यास वेळा समजतील.

दुसरी गोष्ट जातीची. वनराजा, ग्रामप्रिया या हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रात तयार झालेल्या जाती परसातील पालनासाठीच आहेत आणि त्या गावठीपेक्षा कितीतरी जास्त अंडी देतात. परंतु वनराजा अंगाने जड असते, तिला फांदीवर उडून बसणे जमत नाही आणि मुंगूस आले तर ती मागे पडते. रवणीला, म्हणजे अंडी उबवायला, बसण्याची गावठी कोंबडीची वृत्तीही या जातींत जवळपास उरलेली नाही. ज्यांना अंड्यांचा हिशेब महत्त्वाचा आहे त्यांनी त्या पाळाव्यात. ज्यांना या धाग्यात येत आहेत तशा गोष्टी घरात घडायला हव्या आहेत, त्यांनी गावठीच ठेवाव्यात.

पणजीत_फ्लॅट, ८ एप्रिल, सकाळी ९.००

आजोळी न्हाणीमागे चुलीची राख टाकत असत. कोंबड्या त्या राखेत खड्डा करून आडव्या पडत, एक पाय मागे ताणत, एक पंख वर करून राख अंगावर उडवून घेत आणि मग डोळे मिटून स्तब्ध होत. मुंबईहून आलेली मावसबहीण ते पाहून "कोंबडी मेली" म्हणून रडत घरात आली होती. सगळे धावत बाहेर गेलो, तेव्हा 'मेलेली' कोंबडी उठली, तिने अंग झाडले, आणि आमच्यापैकी प्रत्येकाच्या अंगावर राख पडली.

शाळामास्तर, ८ एप्रिल, सकाळी १०.१५

ते धूलिस्नान आहे. पिसांतील उवा, गोचिड्या आणि जास्तीचे तेल त्याने निघून जाते. जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात वाढलेली आणि आयुष्यात कधी माती न पाहिलेली कोंबडीदेखील त्या जाळीवर आडवी पडून पंखाने नसलेली धूळ अंगावर उडवते. हे मी प्रथम वाचले तेव्हा बराच वेळ पुढचे पान उलटू शकलो नाही.

मळ्यातला, ८ एप्रिल, रात्री ९.४०

पेडण्यातली एक गोष्ट सांगायची राहिली. मोप्याचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाला. आमचा कोंबडा घार दिसली की एक लांब, बारीक, ताणलेला आवाज काढतो, आणि तो ऐकला की सगळ्या कोंबड्या आंब्याखाली जाऊन दबून बसतात. मुंगूस किंवा कुत्रा दिसला तर आवाज अगदी वेगळा, तुटक आणि खडखडणारा असतो, आणि तेव्हा कोंबड्या दबून बसत नाहीत, माना उंच करून उभ्या राहतात. विमाने सुरू झाल्यावर पहिले काही दिवस प्रत्येक विमानाला त्याने घारीचा इशारा दिला. दिवसातून कितीतरी वेळा सगळा कळप आंब्याखाली आणि पुन्हा बाहेर. आईला काळजी वाटू लागली की या खाणार कधी. मग हळूहळू इशारे कमी झाले. आता विमान गेले तर तो एक डोळा वर करून पाहतो आणि उकरत राहतो, पण त्याच आभाळात घार आली तर आजही चुकत नाही.

नेत्रावळीचा (सांगे), ९ एप्रिल, सकाळी ६.१०

आमची जमीन अभयारण्याच्या कडेला आहे. समोरच्या रानात राखी रानकोंबडा ओरडतो, त्याची हाक आपल्या कोंबड्यासारखी लांबत नाही, तुटक तुटक असते. आमचा कोंबडा ती ऐकली की चिऱ्यांच्या कुंपणावर चढतो आणि उत्तर देतो. रानातून पुन्हा हाक येते, हा पुन्हा उत्तर देतो, आणि ऊन चढेपर्यंत हे चालते. दोघे एकमेकांसमोर आलेले मी कधीही पाहिले नाहीत. एकदा रानकोंबडा कुंपणापासून वीस पावलांवर, बांबूच्या बेटाशी आला होता. तेव्हा आमचा कोंबडा कुंपणावरून उतरला आणि शांतपणे गोठ्यात गेला.

शाळामास्तर, ९ एप्रिल, सकाळी ८.००

त्या दोघांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, परंतु अनेक कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग आपल्या सह्याद्रीतल्या या राखी रानकोंबड्याच्या वंशातून आला, असे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनात आढळले. नेत्रावळीचा कोंबडा पिवळ्या पायांचा असेल, तर कुंपणापलीकडे त्याच्या नात्यातलाच कोणी ओरडत असतो.

आरवण्याविषयीही सांगतो. जपानमधील नागोया विद्यापीठात २०१३ मध्ये दाखवून देण्यात आले की सतत मंद प्रकाशात ठेवलेले कोंबडेही पहाटेची वेळ आतल्या घड्याळावरून ओळखतात आणि उजाडण्याच्या सुमारे दोन तास आधी आरवू लागतात. कोंबडे झाकले म्हणून तांबडे फुटायचे राहत नाही, असे आपण म्हणतो. झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडे फुटण्याची वेळ आतून कळते, एवढी त्यात भर घालावी लागेल. पुढे त्याच संशोधकांना असेही दिसले की एकत्र ठेवलेल्या कोंबड्यांत मानाने वरचा असलेला आधी आरवतो आणि बाकीचे क्रमाने मागून.

काणकोणची_माई, ९ एप्रिल, रात्री ८.१५

मानाचे म्हणाल तर आमच्या वाड्यावर राखणदाराला, म्हणजे गावाच्या रक्षक दैवताला, बोललेला एक कोंबडा होता. बोललेला म्हणजे त्याला कोणी हात लावायचा नाही, हाकलायचे नाही. त्याला ते कळले होते की काय देव जाणे. तो कोणाच्याही पडवीत शिरे, सुकत घातलेल्या भातात उभा राही आणि तुळशीवृंदावनावर चढून भर दुपारी आरवे. लोक त्याला वाट देत. शेवटी वाड्यातल्या बायका भात वाळत घालताना त्याच्यासाठी कडेला एक मूठ वेगळीच ठेवू लागल्या, आणि ती खाल्ली की तो मोठ्या भाताकडे ढुंकूनही पाहत नसे.

आता कुळागरातल्या ताईंना सांगते. तुम्ही तांबडीच्या मागे धावणे सोडा. ती आता लवकरच खुडूक होईल, तेव्हा स्वतःच दाखवील. ज्या संध्याकाळी ती खुराड्यात आली नाही त्या दिवसापासून तुम्ही ओट्यावर बसा. रवणीला बसलेली कोंबडी दिवसातून एकदाच उठते. पिसे फुगवून, क्लुक क्लुक करीत येते, घाईघाईने खाते, पाणी पिते, मोठी विष्ठा टाकते आणि पंधरा-वीस मिनिटांत परत जाते. येताना ती फसवील, पण परतताना नाही, कारण अंडी थंड होत असतात. परतताना सरळ वाटेने जाते.

दिवाडीकर, ९ एप्रिल, रात्री ८.४०

माई, हे सोन्यासारखे सांगितलेत.

कुळागरातून, १० एप्रिल, रात्री ८.३०

आज दिवेलागणीला मोजल्या तर दहाच भरल्या. तांबडी आली नाही. सासूबाईंनी खुराड्याची फळी अर्धी उघडी ठेवली आणि आम्ही दोघींनी कंदील घेऊन गोठ्यापर्यंत फेरी मारली. माईंचे लिहिणे वाचले होते म्हणून धीर आहे, पण मुलगी जेवायला तयार नव्हती.

निवृत्त_पशुवैद्य, १० एप्रिल, रात्री ९.००

पिसे पडलेली दिसली नाहीत ना? मुंगुसाने किंवा रानमांजराने नेली असती तर बहुधा कुठेतरी पिसे सापडतात. ती बसली आहे असेच समजा.

कुळागरातून, १३ एप्रिल, दुपारी १२.४५

सापडली! काल ती साडेअकराला आली, परंतु नेमका त्याच वेळी पाहुणा आल्याने माझी दृष्टी चुकली. आज मी सकाळपासून ओट्यावरून हलले नाही. माईंनी सांगितले तसेच सगळे झाले. फुगलेली पिसे, क्लुक क्लुक, तांदळाच्या कण्यांवर तुटून पडणे, मध्ये आलेल्या फौजदारालाही टोच मारणे. मग ती वळली आणि गोठ्याकडे न जाता सरळ पाटाच्या बांधावरून कुळागरात शिरली. बांधाच्या खालच्या बाजूला अननसांची दाट ओळ आहे. तिच्या काटेरी पानांच्या मधोमध, वरून माडाची एक सुकी झावळी पडलेली, आणि खाली घरटे. त्या ओळीपासून तीन हातांवर मी रोज सुपाऱ्या वेचते.

अंडी चौदा आहेत. त्यांतली पाच लहान आणि फिकट आहेत, आणि ती आमच्या दुसऱ्या एका कोंबडीची, कवडीची, आहेत हे सासूबाईंनी पाहताक्षणी ओळखले. कवडी कधीमधी खाडे करते असे आम्ही धरून चाललो होतो. दोघी एकाच ठिकाणी जात होत्या आणि दोघींपैकी एकीचाच आम्हाला संशय होता!

आता प्रश्न असा की तिला तिथेच ठेवावे की पडवीत आणावे? पाटाजवळ नाग दिसतो आणि मुंगूसही फिरते.

निवृत्त_पशुवैद्य, १३ एप्रिल, दुपारी २.१०

हलवा, पण अंधार पडल्यावर. घरट्यातला पाला, अंडी आणि कोंबडी, सगळे एकत्र डालग्याखाली आणा आणि दोन दिवस झाकून ठेवा. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलीने खूण करा, म्हणजे कवडीने नवे अंडे घातले तर ते काढून घेता येईल. एरवी मागाहून पडलेली अंडी अर्धवट राहतात.

काणकोणची_माई, १३ एप्रिल, दुपारी ४.००

मी डॉक्टरांशी सहमत नाही. तिने तीन आठवडे सगळ्यांना चुकवून जागा राखली आहे. काटे तिने उगाच निवडलेले नाहीत.

कुळागरातून, १५ एप्रिल, सकाळी ११.३०

काल रात्री डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे पडवीत आणली. ती डालग्याखाली शांत बसली होती. सकाळी पाणी ठेवायला डालगे उचलले, तेवढ्यात ती माझ्या हाताखालून निसटली, अंगण ओलांडून पळाली आणि अननसांत जाऊन त्याच जागी मोकळ्या मातीवर बसली. खाली एकही अंडे नव्हते. तरी पंख पसरून, माती पोटाखाली घेऊन बसली होती. ते पाहवले नाही. मुलीने टोपलीत अंडी घातली आणि आम्ही ती एकेक करून तिच्या पोटाखाली सरकवली. प्रत्येक अंडे तिने चोचीने स्वतः आत ओढून घेतले.

आता तिथेच संरक्षण करायचे आहे. परसबागप्रेमी, जाळीविषयी आपला अनुभव उपयोगी पडेल का?

परसबागप्रेमी, १५ एप्रिल, दुपारी १२.१५

नक्कीच. जुनी, जाड दोऱ्याची जाळी घ्या. ती सैल सोडू नका. चारी बाजूंना बांबूच्या खुंट्या मारून ताणून बांधा आणि खालची कड वीतभर मातीत पुरा. मोकळी लोंबणारी जाळी असेल तर त्यात साप अडकून मरतात, माझ्याकडे एक धामण अशीच गेली आणि त्याचे मला अजून वाईट वाटते. तांबडीला येण्याजाण्यासाठी एक बाजू दिवसा थोडा वेळ उघडी ठेवा आणि संध्याकाळी बंद करा. माझ्याकडे चार वाव जाळी शिल्लक आहे. कोणी म्हापशाहून वाळपईच्या बाजूला जाणार असेल तर पाठवतो.

निवृत्त_पशुवैद्य, १५ एप्रिल, दुपारी १.००

माईंचे म्हणणे बरोबर ठरले. आठवड्याने रात्री भ्रमणध्वनीच्या उजेडात अंडी पाहा. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव आहे, पूर्ण स्वच्छ दिसले तर ते अंडे काढून घ्या.

कुळागरातून, १ मे, रात्री ९.००

जाळी पोचली होती, त्याबद्दल मनःपूर्वक आभार. आठवड्याने पाहिले तेव्हा दोन अंडी स्वच्छ निघाली, ती काढली. आज एकविसावा दिवस. सकाळी जवळ गेले तर तांबडीच्या पोटाखालून चिवचिव ऐकू आली, आणि तीही अगदी हलक्या आवाजात उत्तर देत होती. संध्याकाळपर्यंत सात पिले झाली आहेत. ती अजून उठलेली नाही, तिने काही खाल्लेलेही नाही. पिले उपाशी राहतील का?

शाळामास्तर, १ मे, रात्री ९.२५

नाही. बाहेर येण्यापूर्वी पिलू अंड्यातला उरलेला बलक पोटात ओढून घेते आणि त्यावर ते दोन दिवस सहज राहू शकते. म्हणूनच आईला मागे राहिलेल्यांसाठी थांबता येते. तिला थांबू द्या.

कुळागरातून, ५ मे, सकाळी १०.२०

ती दीड दिवस थांबली आणि आणखी दोन पिले आली. एकूण नऊ. उरलेल्या तीन अंड्यांवरून ती ३ तारखेच्या सकाळी उठली आणि सगळ्यांना घेऊन बांधावरून गोठ्याकडे आली. फौजदाराला उकिरड्यात वाळवी सापडली होती. त्याने टुक टुक करीत ती चोचीत उचलली, खाली टाकली, पुन्हा उचलली. तांबडी धावत गेली, ती वाळवी तिने त्याच्यासमोरून उचलली आणि पिलांपुढे टाकली. नऊही पिलांनी एकाच वेळी झडप घातली, ज्याला ती मिळाली ते पळत सुटले आणि बाकीची आठ त्याच्या मागे. उकिरड्यावर वाळवीचा अख्खा ढीग पडलेला होता आणि तिकडे कोणी पाहिलेही नाही.

तीन पिलांच्या पाठीवर ठिपके आहेत, म्हणजे ती कवडीची असावीत. तांबडी त्यांच्यात काही फरक करीत नाही. सासूबाईंनी दिनदर्शिकेत नऊ ठिपके दिले आहेत.

आता दहा वाजून गेले आहेत. कवडी कळपातून बाहेर पडून विहिरीच्या दिशेने निघाली आहे, मध्येच थांबून पाने उकरते आहे, आणि मी मागे न जाता ओट्यावर वही आणि घड्याळ घेऊन बसले आहे.